डोळ्यातला घड, डोक्यातली वेल

फळछाटणीच्या आधी आमच्या कवठे महांकाळ तालुक्यात द्राक्षबागायतदारांचं एक काम ठरलेलं असतं. सकाळच्या उन्हात बागेत फिरायचं, वेगवेगळ्या ओळींतल्या आठ-दहा काड्या कापायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळायच्या आणि तपासायला न्यायच्या. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी वाढते आणि तिच्या प्रत्येक डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड आधीच धरू लागतो. याला आमच्याकडे सूक्ष्मघडनिर्मिती म्हणतात, आणि हा शब्द शाळेची पायरी न चढलेला माणूसही अचूक वापरतो. घड नेमका कितव्या डोळ्यात आहे हे मात्र वरून कळत नाही. वरून सगळे डोळे सारखेच दिसतात, तपकिरी आणि टोकदार.

एकदा मी शेजाऱ्याबरोबर अशी तपासणी पाहायला गेलो होतो. टेबलावर सूक्ष्मदर्शक, शेजारी ब्लेड, चिमटा आणि कागद. तपासणाऱ्या मुलानं काडीचा बुडाकडचा पहिला डोळा घेतला आणि त्याचे पापुद्रे एकेक करून सोलले. आत कापसासारखी लव होती. तीही बाजूला केली, मग ब्लेडनं आडवी चकती काढली आणि नळीला डोळा लावला. असं करत करत त्यानं कागदावर लिहिलं: चौथा, बाळी. पाचवा, गोळीघड. सहावा, घड. सातवा, घड. मलाही त्यानं पाहू दिलं. हिरवट पांढऱ्या उजेडात भिजवलेल्या रव्याच्या कणांसारखे दाणे एकमेकांना बिलगून बसलेले होते. पुढे चार महिन्यांनी जो घड हातात जड लागणार, त्याचा सगळा आराखडा तिथं होता. सहाव्या-सातव्यावर घड, म्हणजे काडी त्याच्या पुढं राखून कापायची. शेजाऱ्याचा वर्षाचा हिशेब त्या कागदावर ठरला.

तो तपासलेला डोळा मात्र गेला. चकती काढल्यावर त्यातून घड येणार नव्हता. आठ-दहा काड्या कापून बाकी बागेबद्दल अंदाज बांधायचा, एवढंच माणसाच्या हाती. जो डोळा आतून पाहिला तो फुटणार नाही, आणि जो फुटणार आहे तो आतून पाहता येत नाही.

मेंदूच्या बारीक जाळ्यांचं चित्रण हा या पुस्तकाचा विषय. त्या शास्त्राची गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांची सगळी धडपड मला त्या टेबलाशी उभं राहून कळली, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती नाही.

पुस्तक लिहायचं खरं कारण दुसरं आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीवरच्या नऊ वर्षांच्या एका मुलाला शाळेत झटका आला. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल नाकाशी धरली, जे नेहमी होतं ते सगळं झालं. मग त्याला मिरजेला नेलं. आमच्या भागात आजार मोठा असला की ‘मिरजेला नेलं’ असंच म्हणतात, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथं दवाखाना उभारला तेव्हापासूनची ही वाट आहे. एमआरआयच्या खोलीबाहेर त्या मुलाच्या आईनं मंगळसूत्र काढलं, जोडवी काढली, पिना काढल्या, सगळं पदराच्या गाठीत बांधून माझ्याकडं दिलं आणि ती आत त्याच्या पायाशी बसली. ठाक ठाक ठाक असा यंत्राचा आवाज भिंतीतून बाहेर येत होता.

नंतर डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली. मेंदूच्या कडेला एक लहानसं पांढरं कडं होतं आणि त्याच्या मध्ये ठिपका. पट्टकृमीच्या अळीची गाठ. आपल्या देशात मुलांना आकडी येण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे; कृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून, हातातून पोटात जातात आणि तिथून अळी मेंदूपर्यंत पोचते. डॉक्टरांनी ते नीट समजावून सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. आई सगळं ऐकत होती. शेवटी तिनं बोटानं फिल्मवरच्या त्या सुरकुतलेल्या करड्या आकृतीकडं दाखवून विचारलं, “डॉक्टर, त्येच्या ध्यानात पाढं ऱ्हाईनात. त्ये का, त्ये ह्यात दिसतंय का?”

“ते यात दिसत नाही, ताई,” डॉक्टर म्हणाले.

मी तेव्हा तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होतो. परतीच्या एसटीत मला तिच्या प्रश्नानं सोडलं नाही. पाढे डोक्यात राहतात म्हणजे डोक्यात काहीतरी बदलतं. मग ते दिसत का नाही? कुठं पाहिलं तर दिसेल? किती बारीक पाहिलं तर दिसेल? पुढची प्रकरणं म्हणजे या तीन प्रश्नांची मला जमली तेवढी उत्तरं आहेत.

पहिल्यांदा माप समजून घेऊ, कारण मापाशिवाय या विषयात एक पाऊलही टाकता येत नाही. दवाखान्यातल्या एमआरआयचं चित्र लहान लहान चौकोनी ठोकळ्यांचं बनलेलं असतं. यंत्राला एका ठोकळ्याच्या आतलं काही वेगळं काढता येत नाही. तिथं जे काही आहे त्या सगळ्याचा मिळून एकच आकडा ते देतं, आणि तो आकडा करड्या रंगाची एक छटा होऊन पडद्यावर उमटतो. हा ठोकळा साधारण एक मिलिमीटरचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढा. आता त्या दाण्यात काय असतं? हार्वर्ड विद्यापीठाच्या जेफ लिक्टमन यांच्या चमूनं आणि गूगलच्या संशोधकांनी माणसाच्या मेंदूचा सुमारे एवढाच तुकडा तपासून मे २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचा हिशेब दिला. ५७ हजार पेशी, त्यांतल्या सुमारे १६ हजार चेतापेशी, २३ सेंटिमीटर रक्तवाहिन्या आणि पेशींमधले जवळजवळ १५ कोटी जोड. मिरजेच्या फिल्मवर या सगळ्याच्या वाट्याला एक करडा ठिपका येतो. डॉक्टरांचं ‘दिसत नाही’ हे उत्तर किती प्रामाणिक होतं, हे मला हा आकडा वाचल्यावर कळलं.

माणसाच्या अख्ख्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. प्रत्येकीला फांद्या असतात. निरोप घेणाऱ्या आखूड फांद्यांना मराठीत वृक्षिका असा शब्द आहे, आणि निरोप पुढं नेणारा लांब धागा तो अक्षतंतू. एका पेशीचा धागा दुसरीच्या फांदीला जिथं भिडतो ती जागा म्हणजे चेतासंधी. मी तिला या पुस्तकात बहुतेक ठिकाणी नुसता ‘जोड’ म्हटलंय. ‘भिडतो’ हाही शब्द तंतोतंत नाही, कारण मध्ये फट असते, साधारण २० नॅनोमीटरची. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. साध्या उजेडाच्या सूक्ष्मदर्शकाला नेहमीच्या रीतीनं २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं ओळखता येत नाही. म्हणजे पाढे जिथं राहत असतील ती जागा उजेडाच्याही आवाक्याबाहेर आहे.

मग वर्तमानपत्रांत येणारी ती रंगीत चित्रं कसली? ‘गणित सोडवताना मेंदूचा हा भाग उजळला’ अशी. ती कार्यात्मक एमआरआयची. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी दाखवलं की ऑक्सिजन असलेलं आणि ऑक्सिजन देऊन टाकलेलं रक्त चुंबकाच्या क्षेत्रात वेगळं वागतं, आणि हा फरक चित्रात पकडता येतो. दोन वर्षांत माणसांवरचे पहिले प्रयोग प्रसिद्ध झाले. मेंदूच्या ज्या भागात काम वाढतं तिकडं रक्त जास्त धावतं, आणि यंत्र ते रक्त टिपतं. पेशीचं बोलणं त्याला ऐकू येत नाही. आमच्या भागातल्या माणसाला हे सबस्टेशनच्या उदाहरणानं पटकन समजतं. रात्री शेतीची लाइन आली की सबस्टेशनातल्या काट्यावर भार चढतो. रांजणीकडच्या फीडरवर पंप सुरू झाले एवढं तिथं बसून सांगता येतं. कुणाच्या बागेला पाणी गेलं, कुणाची पाइप फुटली, कोणत्या वेलीच्या बुडाशी ठिबक तुंबलंय, हे काटा सांगत नाही. शिवाय रक्त उशिरा धावतं. चेतापेशीचा ठोका एका मिलिसेकंदाचा, तर रक्ताची लाट चढायला चार-सहा सेकंद. त्यात ठोकळाही मोठा, बऱ्याचदा दोन-तीन मिलिमीटरचा, बारीक ज्वारीच्या दाण्याएवढा.

हे सांगताना त्या यंत्राला मला कमी लेखायचं नाही. जिवंत, जागा, विचार करणारा माणूस न कापता आतून पाहता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे. मला वाईट वाटतं ते त्या रंगीत ठिपक्याला जे नाही ते बोलायला लावतात तेव्हा. चाचणी वेगळी, पण याच जातीचं उदाहरण शोधायला फार लांब जावं लागत नाही. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका खून खटल्यात जन्मठेप सुनावली, तेव्हा पुराव्यांत एक मेंदूची चाचणी धरलेली होती. डोक्यावर इलेक्ट्रोड लावायचे, गुन्ह्याशी संबंधित वाक्यं ऐकवायची आणि विजेच्या लहरींवरून ‘हा अनुभव या व्यक्तीच्या आठवणीत आहे’ असा निष्कर्ष काढायचा, अशी ती चाचणी. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीनं त्याच वर्षी या पद्धतीला पुरेसा शास्त्रीय आधार नाही असं मत दिलं. पुढं ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात अशा चाचण्या कुणावरही सक्तीनं करता येणार नाहीत असं स्पष्ट केलं. कवटीच्या बाहेरून टिपलेल्या लहरींत लाखो-कोट्यवधी पेशींचा गलका मिसळलेला असतो. त्यातून एका माणसाची एक आठवण वेगळी काढल्याचा दावा करणं आणि त्यावर त्याचं आयुष्य तोलणं हे मला शास्त्राच्या नावावर झालेलं अन्यायाचं काम वाटतं. चित्र किती बारीक आहे हा प्रश्न नुसता प्रयोगशाळेतला नाही, तो इथपर्यंत येतो.

न कापता अधिक बारीक पाहण्याचे प्रयत्न जोरात चालू आहेत. दवाखान्यात १.५ किंवा ३ टेस्लाचं चुंबक असतं; टेस्ला हे चुंबकाच्या जोराचं माप. संशोधनासाठी ७ टेस्लाची यंत्रं आली आणि ठोकळा मिलिमीटरच्या खाली गेला. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण मेंदूची बाहेरची साल जेमतेम दोन ते चार मिलिमीटर जाड आणि तिच्यात सहा थर. बाहेरून येणारा निरोप साधारणपणे मधल्या थरात उतरतो, आणि मेंदूच्या वरच्या केंद्रांकडून माघारी येणारा निरोप वरच्या-खालच्या थरांत. ठोकळा सालीच्या जाडीपेक्षा पुष्कळ बारीक झाला तरच या दोन निरोपांत फरक करता येतो. फ्रान्समध्ये पॅरिसजवळ साक्ले इथं ११.७ टेस्लाचं ‘इझल्ट’ नावाचं यंत्र आहे, त्याचं चुंबक १३२ टनांचं. त्यात झोपलेल्या स्वयंसेवकांच्या मेंदूची चित्रं २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. चार मिनिटांत ०.२ मिलिमीटरपर्यंतचा बारकावा, चकतीची जाडी मात्र एक मिलिमीटर. माणूस न कापता आपण सध्या पोचलो आहोत ते साधारण इथवर. एका चेतापेशीचं अंग यापेक्षा कितीतरी पटींनी लहान असतं.

आता ब्लेडकडं वळतो.

कापून पाहणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. १८७३ मध्ये इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी चांदीच्या क्षारानं मेंदूची चकती रंगवण्याची रीत काढली. तिची गंमत अशी की ती शेकडो पेशींतली एखादीच रंगवते, पण जिला रंगवते तिला शेंड्यापासून मुळापर्यंत. सगळ्या रंगल्या असत्या तर चकतीवर नुसता काळा डाग दिसला असता. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी हीच रीत हाती घेतली आणि वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकाशी बसून हातानं चित्रं काढली. मेंदू म्हणजे एकच सलग जाळं नाही, सुट्या पेशी एकमेकींच्या जवळ येऊन निरोप देतात, हे काहालनी त्या चित्रांवरून सांगितलं. गोल्जींना ते पटलं नव्हतं. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. मी काहालची चित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला फळछाटणीच्या वेळची पानं उतरलेली वेलच दिसली, मांडवाच्या तारांवर काड्या पसरून बसलेली. द्राक्षबागेत वाढलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार?

मग एका प्राण्याच्या सगळ्या जोडांचा नकाशा करायचं ठरलं. सिडनी ब्रेनर यांच्या गटानं त्यासाठी एक मिलिमीटर लांबीचा पारदर्शक कृमी निवडला. त्याला ३०२ चेतापेशी. चकत्या कापल्या, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं फोटो काढले, आणि प्रत्येक धागा एका फोटोतून दुसऱ्या फोटोत हातानं ओढत नेला. दशकाहून जास्त काळ हे काम चाललं, १९८६ मध्ये नकाशा छापून आला. तीनशे दोन पेशींना एवढी वर्षं! त्याआधी १९७९ मध्येच फ्रान्सिस क्रिक यांनी एका लेखात लिहून ठेवलं होतं की मेंदूच्या एका घन मिलिमीटरचा जोडणीचा पुरता नकाशा मागणं म्हणजे अशक्य गोष्ट मागणं. डीएनएची रचना उलगडणाऱ्या माणसाचं ते मत होतं, आणि त्या काळी ते चूक नव्हतं.

ते अशक्य आता झालंय. या पुस्तकातली दोन प्रकरणं मी त्यालाच दिली आहेत. मघाशी सांगितलेला हार्वर्डचा तुकडा एका ४५ वर्षांच्या स्त्रीचा. तिची आकडी औषधांना दाद देत नव्हती. शस्त्रक्रियेत आतल्या बिघडलेल्या जागेपर्यंत पोचण्यासाठी वाटेतला जो थोडा भाग काढावा लागला, तो संशोधनासाठी दिला गेला. त्याच्या पाच हजारांवर चकत्या कापल्या, प्रत्येक सुमारे ३४ नॅनोमीटरची, म्हणजे केसापेक्षा दोन हजार पट पातळ. फोटोंचा डोंगर १.४ पेटाबाइटचा झाला. १२८ जीबीचे जवळजवळ अकरा हजार मोबाइल भरतील एवढा. धागे जोडत नेण्याचं काम संगणकानं केलं. त्यात एक गोष्ट अशी सापडली की ती वाचून मी तो लेख खाली ठेवला. बहुतेक ठिकाणी एक धागा दुसऱ्या एका पेशीला एकाच जागी जोड देऊन पुढं जातो. पण क्वचित एखादा धागा एकाच पेशीला पन्नास-पन्नास जागी जोड देतो, जसा वेलीचा तणावा एकाच तारेला फेऱ्यावर फेरे घालून धरतो. हे असं का, कशासाठी, यावर अजून चर्चा चालू आहे. पाठ झालेली, हातात बसलेली एखादी गोष्ट अशी घट्ट बांधली जात असेल का, अशीही एक शक्यता त्या संशोधकांनी बोलून दाखवली आहे. मला अर्थात त्या मुलाचे पाढे आठवले.

तरी हा तुकडा मुका होता. कोणती पेशी काय करत होती हे त्यावरून कळायला मार्ग नव्हता. काडी तपासणाऱ्याला घड दिसतो, पण तो डोळा फुटताना दिसत नाही, तशीच ही अडचण. तिच्यावरचा तोडगा मला या शास्त्रातला सगळ्यात सुंदर वाटतो. आधी जिवंतपणी पाहायचं आणि मग तेच, तेवढंच कापायचं.

जिवंत पाहण्याचं साधन म्हणजे दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शक. १९९० मध्ये कॉर्नेल विद्यापीठात विन्फ्रीड डेंक, जेम्स स्ट्रिकलर आणि वॉट वेब यांनी ते मांडलं. अवरक्त लेझरचे दोन फोटॉन एकाच क्षणी एका रेणूवर पडले तरच तो रेणू चमकतो, आणि असं फक्त किरण जिथं एकवटतात त्या बिंदूत घडतं. त्यामुळं आजूबाजूचं सगळं अंधारात राहून खोलवरचा एकच बिंदू उजळतो. त्याला जोड मिळाली ती चमकणाऱ्या प्रथिनांची. चेतापेशी ठोका देते तेव्हा तिच्यात कॅल्शियम शिरतं. कॅल्शियम लागलं की चमकेल असं प्रथिन उंदराच्या पेशींत जनुकातून घातलेलं असतं. मग पेशी बोलली की लुकलुकते. मिनिटभराचं असं चित्रण पाहा, पावसाळ्याच्या तोंडावर रात्री बांधावरच्या झाडात काजवे दिसतात तसं ते दिसतं.

‘मायक्रॉन्स’ नावाच्या प्रकल्पात अमेरिकेतल्या बेलर कॉलेजच्या संशोधकांनी एका उंदराला चित्रफिती दाखवल्या आणि त्याच्या दृष्टिकेंद्रातल्या सुमारे ७५ हजार चेतापेशी लुकलुकताना टिपल्या. मग तोच घन मिलिमीटर सिएटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटकडं गेला. तिथं बारा दिवस-रात्र माणसं आळीपाळीनं यंत्राशी बसली आणि २५ हजारांहून अधिक चकत्या निघाल्या. प्रिन्स्टनच्या चमूनं संगणकाकडून धागे जोडून घेतले. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’च्या लेखमालेत सगळं बाहेर आलं: दोन लाखांवर पेशी, ५२ कोटींवर जोड आणि खसखशीच्या त्या दाण्यात चार किलोमीटर धागा. कवठ्याच्या एसटी स्टँडवरून निघून तासभर चालावं एवढा! या नकाशानं जे दाखवलं त्यातली एकच गोष्ट इथं सांगतो. सारख्या दृश्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी एकमेकींना अधिक जोड देतात, आणि शेजारी नसल्या तरी देतात. भावकी नुसती बांधाला बांध लागून असलेल्यांची नसते, हे आपल्याला माहीत आहे. मेंदूतही तसंच निघालं.

कापण्याची किंमत न देता बारीक पाहता येतं असे अपवादही आहेत, आणि ते अंगच पारदर्शक असलेल्या जिवांचे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा त्याच ब्रेनरच्या कृमीच्या जिवंत चेतापेशीत डोकावते. अक्षतंतूच्या आत पेशीच्या अंगाकडून टोकाकडं माल कसा वाहून नेला जातो, तो कुठं अडतो, हे त्या सरळ पाहतात. त्याच संस्थेत शुभा टोळे यांनी मेंदूची साल आणि आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस हे गर्भात कुठं आणि कसे ठरतात यावर अनेक वर्षं काम केलंय. विदिता वैद्य यांचं काम भावनांशी निगडित जाळ्यांवर, सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर आणि लहानपणीच्या ताणाचे मेंदूवर जे वळ राहतात त्यांवर. २०१४ चा आणि २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार अनुक्रमे या दोघींचा. आपल्या मुलामुलींना ही नावं क्रिकेटपटूंच्या नावांइतकी नाही तर निदान निम्मी तरी माहीत असावीत, असं मला मनापासून वाटतं.

मद्रास आयआयटीतल्या सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरनं डिसेंबर २०२४ मध्ये ‘धरणी’ नावाचा संच खुला केला. गर्भारपणाच्या मधल्या तिमाहीतल्या मानवी गर्भाच्या मेंदूच्या ५,१३२ चकत्यांची चित्रं, पेशी न् पेशी दिसेल इतकी स्पष्ट. इतक्या तपशिलाचं हे काम आपल्या देशात झालं. ज्या पालकांनी आपल्या न जन्मलेल्या बाळाचा मेंदू यासाठी देऊ केला असेल त्यांच्या दुःखाची आणि मोठेपणाची नोंद कुठल्या आलेखात येत नाही. म्हणून ती इथं करतो.

वाचकानं एक सावधगिरी बाळगावी. नकाशा मिळाला म्हणजे मन मिळालं असं नाही. त्या कृमीचा नकाशा हाती येऊन चाळीस वर्षं होत आली, तरी तो कधी उजवीकडं वळेल आणि कधी डावीकडं, याचं पुरतं गणित अजून मांडता आलेलं नाही. जोड कुठं आहेत हे कळलं तरी त्यातला कोणता आज जोरात आहे, कोणता सुस्त, कोणत्या रसायनानं सगळ्या जाळ्याचा सूर बदलतो, हे चकतीत उमटत नाही. माणसाच्या मेंदूत असे घन मिलिमीटर बारा लाखांच्या घरात. म्हणून ‘येत्या दहा वर्षांत मेंदूचं कोडं सुटणार’ असं कुणी लिहिलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. मीही या पुस्तकात तसं कुठं लिहिलेलं नाही.

मूळ हस्तलिखित वाचून काही मित्रांनी सुचवलं की इतके आकडे, इतकी मापं सामान्य वाचकाला जड जातील. मी ती ठेवली. ज्या तालुक्यात माणसं कितव्या डोळ्यावर घड आहे, औषध लिटरला किती मिली घालायचं आणि म्हैसाळ पाणी योजनेचं आवर्तन किती दिवसांचं, हे तोंडपाठ सांगतात, तिथं आकड्यांना भिणारा वाचक मला तरी भेटलेला नाही. शब्दांच्या बाबतीत जिथं चांगला मराठी शब्द रुळलाय तिथं तो घेतला, आणि जिथं लोक एमआरआय म्हणतात तिथं एमआरआयच ठेवलं. त्या मुलाच्या आईला चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकन असं सांगून काही उपयोग झाला नसता.

तो मुलगा आता कॉलेजात आहे. गोळ्यांचा क्रम पुरा केल्यावर त्याला पुन्हा झटका आला नाही. पाढे त्यानं नंतर पाठ केले, शेजारच्या मुलीबरोबर अंगणात मोठ्यानं म्हणून म्हणून. त्या दिवसांत त्याच्या मेंदूत कोणते जोड घट्ट झाले हे कुणालाच सांगता येणार नाही. आईच्या प्रश्नाला डॉक्टरांनी दिलेलं उत्तर आजही तेच राहील.

शाळेतल्या मुलामुलींना आणि त्यांच्या शिक्षकांना एक सांगायचंय. हार्वर्डचा तुकडा, मायक्रॉन्सचा उंदीर, मद्रासची धरणी, हे सगळे नकाशे इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येतात. संगणक धागे जोडताना चुकतो. इथला धागा तिथल्याला चिकटवतो, मधेच तोडतो, आणि ते माणसाच्या डोळ्यानंच तपासावं लागतं. फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा १,३९,२५५ चेतापेशींचा नकाशा ऑक्टोबर २०२४ मध्ये पुरा झाला, त्यात घरी बसून धागे तपासणारे हौशी लोकही होते. शाळेच्या संगणक कक्षात एखाद्या शनिवारी यातला एक नकाशा उघडा. एक चेतापेशी निवडा, तिला रंग द्या आणि तिचा धागा जिथवर जातो तिथवर जा. वाटेत काही चुकीचं जोडलेलं दिसलं तर त्यांना कळवा. या पुस्तकात काही चुकलेलं दिसलं तर मला कळवा, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करीन.

कवठे महांकाळ
दसरा, २०२५